वावळ्याच्या पानाला दाते नसतात

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सपरीतलं सामान अंगणात काढून वहिनी भिंती झाडत होती. मोठ्या कपाटामागच्या भिंतीनं वर्षभर उजेड पाहिला नव्हता. तिथे कोळ्यांची जाळी होती, पालीच्या अंड्यांची टरफलं होती आणि जागोजाग चिकटलेले ते करडे, चपटे तुकडे होते, काकडीच्या बीसारखे, मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. दरवर्षी पोतारा द्यायच्या आधी ते झाडून काढतात. त्यांच्याकडे निरखून कुणी पाहत नाही. भिंतीला धरलेली धूळच ती, असं सगळे धरून चालतात. फड्याच्या फटक्यासरशी ते खाली पडत होते आणि माझी धाकटी भाची ते एकेक करून तळहातावर घेत होती. मध्येच ती ओरडली, "आत्या, आईले थांबव ना वं! याच्यात जीव हाय." वहिनी हात न थांबवता म्हणाली, "जीव कायचा, कचरा व्हय तो." पण पोरीच्या तळहातावर त्या तुकड्याच्या टोकाची फट उघडली होती. आतून तपकिरी डोकं आलं, पायांच्या तीन जोड्या आल्या, आणि त्या इवल्या पायांनी मागचं सगळं घर थोडं पुढे ओढून घेतलं. तिनं जवळ जाऊन पाहिलं तसं डोकं आत गेलं आणि जरा वेळानं दुसऱ्याच टोकातून बाहेर आलं. मधला भाग रुंद असतो तो आत वळता यावं म्हणून.

संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं विचारलं, त्यानं घर कशाचं बांधलं? मी सांगितलं, स्वतःच्या तोंडातून काढलेल्या रेशमाचं, आणि त्यावर भिंतीवरची रेती, धूळ, केस, जे मिळेल ते चिकटवलेलं. खातोही तो तेच, कोळ्यांची जुनी जाळी, लोकर, केस. मोठा झाला की त्याचा एक लहानसा करडा पतंग होतो. इथवर मला अडचण नव्हती, शाळेत विज्ञान शिकवण्यातच माझी नोकरी गेली. मग अंधारातून पुढचा प्रश्न आला: "मंग तो झाडावर राह्यत असता, तं घर कशाचं बांधलं असतं?"

"पानाचं," मी म्हटलं. ती झोपली. मी बराच वेळ जागी होते.

पानाचं म्हटलं खरं, पण आमच्या शिवारात घर अंगावर घेऊन फिरणारी जी अळी सगळ्यांनी पाहिलेली असते, ती काड्यांचं घर करते. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीला ही घरं लटकलेली असतात. आम्ही बहिणी ढोरांमागे जायचो तेव्हा बाभळीखाली बसून ती न्याहाळायचो. काड्या सारख्या मापाच्या तोडलेल्या, उभ्या लावलेल्या, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. आतलं रेशमी अस्तर इतकं चिवट की दोन्ही हातांनी ओढलं तरी फाटत नसे. या अळीची मादी त्या घरातून उभ्या जन्मात बाहेर पडत नाही, हे मला फार उशिरा, कॉलेजात कळलं. तिला पंख फुटतच नाहीत. पंखांचा नर तिच्या दाराशी येतो, तिची अंडी त्याच घरात राहतात, आणि पिल्लं बाहेर पडून रेशमाच्या धाग्याला लटकतात, मग वारा नेईल त्या झाडावर जातात. त्या दिवशी वर्गात हे ऐकताना मला माझ्या आजीची आठवण आली होती, जी लग्नानंतर गावच्या वेशीबाहेर फारशी गेलीच नाही. आज ते जुळवणं मला तेवढं खरं वाटत नाही. आजीला बाहेर जायचं होतं. त्या मादीला बाहेर काही नाहीच. तिच्यासाठी घर आणि अंग यांत फरक उरलेला नाही.

अळीच्या एकाच घराला आपल्याकडे मोल आहे, ते कोशाला. भंडारा, गडचिरोलीकडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातली कुटुंबं टसर रेशमाच्या अळ्या पोसतात. पाखरांपासून त्या राखायला माणसं दिवस दिवस झाडाखाली बसून असतात. तिकडे अळीला जपतात. आमच्या घरात मात्र अळी म्हटलं की पहिल्यांदा फवारणीचा पंप आठवतो.

आमचं गाव वरूडकडच्या संत्रापट्ट्यातलं. मागे सातपुडा, खाली काळी जमीन, जिकडे तिकडे बगीचे आणि पन्हेरी, म्हणजे कलमांच्या रोपवाटिका. नवती फुटली की बाबा रोज सकाळी पन्हेरीतून चालायचे. कोवळं पान तोडायचे नाहीत, फांदीसकट वाकवून उन्हाकडे धरायचे. मग त्या पानात ती वाट दिसायची. नागअळीची वाट. पानाच्या सालीखालून चांदीसारखी चकाकत, वळणं घेत जाणारी. सुरुवातीला केसाएवढी, पुढे अळी वाढेल तशी रुंद होत गेलेली, आणि मधून एक काळसर रेघ, ती तिची विष्ठा. जे खाल्लं त्याचं जे उरलं ते तिथेच, तिच्या मागे, वाटेतच पडून राहतं. शेवटी वाट पानाच्या कडेला येऊन थांबते. तिथे अळी पानाची कड आपल्यावर दुमडून घेते आणि कोष करते. बाहेर पडणारा पतंग काही मिलिमीटरचा, पांढरा, पंखाच्या टोकावर काळा ठिपका. बाबांना पतंग कधीच दिसला नाही. त्यांनी फक्त त्याच्या पोरांच्या वाटा पाहिल्या. त्या मात्र ते वाचू शकायचे, ही कालची, ही आठवड्याची, ही रिकामी झाली.

त्या वाटा मला सुंदर वाटत. बाबांसमोर हे कधी बोलता आलं नाही. मोठ्या झाडाला नागअळीचं फारसं काही वाटत नाही, पण पन्हेरीतल्या रोपाला चारच पानं असतात आणि चारही आकसून गुंडाळली की कलम खुंटतं. शिवाय पोखरलेल्या जागेतून खैऱ्या, म्हणजे डागांचा रोग, शिरतो. खैऱ्याचे डाग असलेली कलमं कोण घेणार? एका मृगात आमची अर्धीअधिक पन्हेरी तशीच राहून गेली, आणि त्या वर्षी घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाबा निंबोळीचा अर्क मारायचे, त्यानं नाही भागलं तर दुकानातलं औषध. मी त्यांना मदत करायची, ड्रम भरून द्यायची. एकीकडे ती वाट पाहत राहावीशी वाटायची आणि दुसरीकडे पंप भरायचा असायचा. दोन्ही खरं होतं. आजही दोन्ही खरंच आहे, आणि भाऊ फवारा मारतो तेव्हा मी त्याला अडवत नाही.

या नागअळीची पहिली शास्त्रीय नोंद स्टेंटन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८५६ साली केली, ती कलकत्त्याहून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती इथलीच, आशियातली. १९९३ साली ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडली आणि पुढे जगभरच्या लिंबू-संत्र्याच्या बागांत पसरली. तिकडचे बागायतदारही आता पान उन्हाकडे धरत असतील. कीटकाचं नाव जगाला कळतं ते बहुधा असंच, तो आपल्या पैशाला लागला की. गुलाबी बोंडअळी विदर्भातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. २०१७ साली तिनं कापसाची बोंडं आतून खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. तेव्हापासून आमच्याकडेही पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाला घरची बाई दहादा सांगते, तोंडाले बांध, वाऱ्याकडं तोंड करू नको. अळीबद्दल प्रेमानं लिहायला बसले की मला ती माणसं आठवतात, आणि लिहिणं अवघड होतं. पण धुऱ्यावरच्या, नाल्याकाठच्या, कुणाच्या पिकात नसलेल्या झाडांवर जे जीव जगतात, त्यांचं या वैरात काहीच नसतं. औषध मात्र वाऱ्यानं त्यांच्यावरही जातं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोठ्या भावाच्या मुलाचा फोन आला. तो नोकरीसाठी इंग्लंडला, ब्रायटनला असतो. व्हिडिओवर सगळ्यांनी हात जोडून झाल्यावर भाचीनं त्यालाही तोच प्रश्न विचारला. "दादा, झाडावरच्या किड्याचं घर कशाचं असते?" तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याच्या रस्त्यावर एल्मची झाडं आहेत. काही दिवसांनी त्यानं फोटो पाठवले. पिवळी पडत चाललेली पानं, बुडाशी तिरपी, म्हणजे देठाला पानाची एक बाजू वर आणि दुसरी खाली येऊन मिळणारी. कडेला करवतीचे दाते, आणि दात्यांवर पुन्हा दाते. पानावर शिरांच्या मधल्या जागेत फिकट, कोनाकोनाचे डाग, उजेडात आरपार दिसणारे, आणि प्रत्येक डागाला एकच बारीक गोल भोक. एका पानाच्या खालच्या अंगाला काही मिलिमीटर लांबीची तपकिरी नळी चिकटलेली. त्यानं खाली लिहिलं होतं, "आत्या, हे तुझ्या कामाचं."

कामाचंच होतं. मी त्या नळीच्या मागे लागले आणि जे कळलं ते मला कितीतरी रात्री पुरलं. हा कोलिओफोरा या प्रजातीतला, म्हणजे जीनसमधला, पतंग. हुब्नर या जर्मन अभ्यासकानं १८२२ साली या प्रजातीला नाव दिलं, आणि आज तिच्यात हजाराहून जास्त जाती धरतात. त्यांतली बरीचशी एकेका झाडाला, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावकीतल्या झाडांना बांधलेली. एल्मवरच्या दोन युरोपीय जाती द्यूपोंशेल या फ्रेंच माणसानं १८४३ सालीच लिहून ठेवल्या. अमेरिकेतल्या एल्मवर तिसरीच, वेगळी. अंड्यातून निघालेली अळी आधी नागअळीसारखीच पानाच्या आत शिरते. पानाला वरची साल असते, खालची साल असते आणि मध्ये हिरवा गर. ती गर खाते. पण पोखरलेल्या जागेत ती राहत नाही. आतून रिकाम्या झालेल्या त्या जागेच्या दोन्ही साली ती कडेनं कापते, रेशमानं एकमेकींना जोडते, आतून अस्तर लावते, आणि पानातून तो तुकडा सुटा करून निघते. ज्या पानाचा गर पोटात गेला त्याच पानाची साल अंगावर. मी हे वाचताना थांबले आणि भाचीला हाक मारली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे जेवली आन् ताट नेसली?" त्यावर मला काही सांगायचं उरलं नाही.

पुढचं त्याहून नवलाचं. नवं पान गाठलं की ती आपली नळी रेशमानं पानाला उभी किंवा आडवी चिकटवते, तोंडाशी गोल भोक पाडते आणि आत शिरते. पण पूर्ण नाही. मागचा भाग घरात धरून जेवढं लांब पोचता येईल तेवढंच खाते. म्हणून डाग तेवढ्यापुरताच राहतो आणि म्हणून त्याला एकच भोक. मग मागे सरते, नळी सोडवते, थोडं पुढे जाऊन पुन्हा चिकटवते. नळीच्या मागच्या टोकाला दोन-तीन पाकळ्यांचं झाकण असतं, विष्ठा तिथून बाहेर. त्यामुळे तिनं पोखरलेली जागा आतून स्वच्छ राहते. नागअळीची ती काळी रेघ इथे नाही. बाबा असते तर त्यांनी हा फरक पहिल्या नजरेत टिपला असता. थंडी पडायच्या आधी ती पान सोडून फांदीवर जाते, नळी सालीला घट्ट डकवते आणि बर्फाळ महिने तशीच काढते. पानं गळून जातात, ती राहते. वसंतात पालवीबरोबर पुन्हा जागी होते. वाढली की जुनं घर तोकडं पडतं, मग नव्या पानातून नवं कापते. एल्मवरच्या काही जातींत हे घर पानाच्या कडेतूनच कापलेलं असतं, आणि मग त्याच्या पाठीवर पानाचे ते दाते तसेच्या तसे राहतात. शेवटी आतल्या आत उलट फिरून ती डोकं झाकणाकडे करते आणि कोषात जाते. उन्हाळ्यात त्या झाकणातून बाहेर येतो जेमतेम सेंटिमीटरभर पंखविस्ताराचा पतंग, अरुंद पंखांना लांब केसांची झालर, बसला की मिशा समोर सरळ धरलेल्या. झाडाला याचा सहसा काही त्रास होत नाही.

पाठीवरचे दाते माझ्या डोक्यातून जाईनात. कुठल्या झाडाची, हे त्या अळीच्या घरावरच लिहिलेलं.

आणि एल्म मेले. नेदरलँडमध्ये बेआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेनं १९२१-२२ च्या सुमारास त्यामागची बुरशी शोधून काढली. योहाना वेस्टरडाइक या तिथल्या पहिल्या महिला प्राध्यापकांच्या हाताखाली ती काम करत होती. सालीखाली राहणारे भुंगेरे ही बुरशी झाडोझाडी नेतात, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद होतात, आणि भर उन्हाळ्यात वरच्या फांद्या पिवळ्या पडून आकसत जातात. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्या बुरशीचा अधिक जहाल प्रकार इंग्लंडमध्ये आला. अडीच कोटींच्या वर एल्म गेले. शेतांच्या कडेनं शतकानुशतकं उभ्या असलेल्या रांगा काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. ब्रायटनला समुद्र आणि टेकड्यांच्या आडोशामुळे, आणि आजारी झाड दिसताच तोडण्याचा नेम पाळल्यामुळे, सतरा हजारांच्या आसपास टिकले; आज तो त्या देशाचा राष्ट्रीय एल्मसंग्रह आहे. भाच्याचा रस्ता त्यातलाच. ज्याच्या अळ्या एल्मशिवाय कशावरच जगत नाहीत, असं पंखावर पांढरं डब्ल्यू अक्षर असणारं एक फुलपाखरू तिकडे एल्मबरोबरच कमी होत गेलं. झाड पडतं तेव्हा त्याची सावली गेली, लाकूड आलं, एवढं आपण मोजतो. जे त्याच्याच सालीचं घर करून फिरत होते त्यांना दुसऱ्या झाडावर जाता येत नाही. पाय असतात, घर अंगावरच असतं, तरी जाता येत नाही. हिशेबात ते कुठेच धरलेले नसतात, आणि याचा मला राग येतो.

आमच्याकडे एल्म नाही. पण वावळा आहे, आणि तो एल्मच्याच घराण्यातला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं त्याचं वर्णन केलं तेव्हा तो सरळ एल्ममध्येच घातला होता. १८४८ साली प्लँशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला वेगळी चूल मांडून दिली. आमच्या वावराच्या नाल्याकडच्या धुऱ्यावर एक वावळा आहे, बाबांच्याही आधीचा. करड्या सालीचा, सरळ वर जाऊन मग पसरलेला. माघ-फाल्गुनात तो उघडा होतो आणि पानं यायच्या आधी पापड्यांनी भरतो. हिरव्या, गोल, कागदी पापड्या, मधोमध एक बी. वाळल्या की चैत्राच्या झळांबरोबर उडतात आणि विहिरीत, गोठ्यात, कवेलूंच्या फटींत, वाळत घातलेल्या गव्हात, जिकडे तिकडे सापडतात. पोरं त्यातलं बी सोलून खातात, खोबऱ्यासारखं लागतं. पान चुरगाळलं तर उग्र वास येतो, म्हणून त्याला कुणी देवापुढे नेत नाही. आई त्याच्या सालीचा लेप गुडघ्याला लावायची. एवढाच त्याचा आमच्या घराशी संबंध.

फोटो आल्यावर भाची हट्टाला पेटली की आपल्या वावळ्यावरही पाहायचं. कार्तिकात आम्ही दोघी गेलो. मी त्याचं पान तिच्या हातात दिलं आणि मोबाइलवरचं एल्मचं पान शेजारी धरलं. कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "याले दातेच नाही." नाहीतच. वावळ्याच्या मोठ्या झाडाच्या पानाची कड सपाट, अखंड असते. मला एकदम वाटलं की याच्या कडेतून कुणी घर कापलं तर त्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसेल. खालच्या फांद्यांवर आम्ही कितीतरी पानं उलटून पाहिली. कुठे दुमडलेल्या पानात कोळीण अंडी राखत होती. कुठे मुंग्यांची ये-जा. कुठे नुसती भोकं. आणि मग एका पानावर उभा, टोकदार, बोटाच्या पेराहून लहान शंकू दिसला, बाहेरून पानाचेच सुकलेले तुकडे चिकटवलेला. तिनं श्वास धरला. शंकू हलला. "आत्या, पानाचंच हाय! तू सांगतलं तसंच!" ही त्या बाभळीवरच्या अळीच्या नात्यातली. तुकडे गोळा करून डकवणारी. एल्मवालीसारखी एकसंध कापणारी नव्हे. आणि अशा अळ्या बहुतेक एका झाडावर अडून बसत नाहीत, दुसऱ्यावरही भागवून घेतात. हे मी तिला सांगितलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती त्या पानासमोर उकिडवी बसली होती आणि तिथून उठवायला मला अंधाराची भीती दाखवावी लागली.

भावाच्या मनात त्या वावळ्याचं वेगळं आहे. गेल्या वर्षी त्यानं नाल्याकडं संत्र्याच्या दोन नव्या ओळी लावल्या आणि दुपारनंतर वावळ्याची सावली त्यांच्यावर पडते. वखारवाला येऊन झाडाला हात लावून गेला. "बाई, सावलीत कलम वाढत नाही वं. आन् वावळ्याचं लाकूड काय सागाचं हाय का, जे येईल ते घ्यायचं," भाऊ म्हणाला. तो लोभी माणूस नाही. बोअर आटल्यावर टँकरनं पाणी घालून त्यानं बाबांची झाडं जगवली आहेत, एकेका झाडामागे तो रात्रीचा बादल्या घेऊन फिरलेला मी पाहिलाय. त्याला झाडाचं दुखणं मी काय सांगू? संत्र्याच्या झाडाला तो लेकरासारखं पाहतो. वावळा मात्र त्याच्या घरचा नाही, धुऱ्याचा आहे. मी त्याला एल्मची गोष्ट सांगितली, अडीच कोटी झाडांची. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तिथं रोगानं गेले. इथं कोणताच रोग नाही." मी म्हटलं, म्हणूनच तर. इथं झाड निरोगी आहे आणि आपण ठरवणार आहोत. तो उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. आमच्याकडे भांडण असंच होतं.

भांडण मिटलं नाही, पण मध्येच बाजूनं एक वाट फुटली. यंदा पापड्या वाळायला लागल्या तशी भाचीनं त्या पिशवीत भरायला सुरुवात केली. का, तर लावायच्या. भावानं तिला समजावलं की वावळा कुणी लावत नाही, तो आपला आपण येतो. ती म्हणाली, "मंग तोडल्यावर आपला आपण कसा येईन?" यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पन्हेरीत जंबेरीच्या, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या रोपांच्या, पिशव्या भरणं चाललं होतं, तेव्हा कडेची एक ओळ त्यानं मोकळी ठेवायला सांगितली. माती तीच, शेणखत तेच. भाचीनं प्रत्येक पिशवीत पापडी खोचली, पंख बाहेर ठेवून, कारण ते आत गेलं तर बी गुदमरेल असं तिचं म्हणणं. भावानं तिला बोटानं खोली दाखवली आणि पंखांबद्दल वाद घातला नाही. पांदणीच्या दोन्ही अंगांना, जिथे कुणाच्याच कलमांवर सावली पडत नाही, तिथे ती रोपं पावसाळ्यात न्यायची, एवढं तिघांत ठरलं आहे.

जुन्या वावळ्याचं ठरलेलं नाही. पिशवीतल्या रोपाची सावली पडायला कितीतरी वर्षं जातील, आणि तोवर त्या शंकूवाल्यांनी आणि कोळिणींनी कुठे जायचं, हे मी भावाला पुन्हा पुन्हा विचारते. तो म्हणतो, "पापड्या झडू दे, मंग पाहू." वखारवाल्याला त्यानं होकार दिला नाही आणि नकारही कळवला नाही. पुढच्या आठवड्यात तो माणूस पुन्हा यायचा आहे, आणि तेव्हा मी वावरातच असणार आहे.